लाइमनंतरचा थकवा : दमण्याआधी थांबायला हवं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल-मे उजाडला की महाराष्ट्रातून कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला निघतात. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या ईशान्येकडच्या राज्यांत मराठी कुटुंबं बरीच आहेत, आणि लाइम हा गोचिडीमुळे होणारा आजारही तिथेच सर्वांत जास्त आढळतो. आम्ही त्या भागात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचं (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करण्याचं) काम करणारे काही मराठी लोक आहोत. गोचीड कशी काढायची, कोणतं औषध घ्यायचं, हे डॉक्टर सांगतात. औषधाचा कोर्स संपल्यावरही काही रुग्णांचा थकवा महिनोन्महिने जात नाही. त्या काळात घरात कसं वागायचं, काय करायचं आणि काय टाळायचं, हे मात्र कुणी बसून समजावत नाही. फोनवरून सल्ले देणाऱ्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनाही ते कळायला हवं, म्हणून हे पत्र मराठीत आणि आपल्या दैनिकाकडे पाठवत आहोत. पत्र लांबलं आहे, पण यातला बारीक तपशीलच उपयोगी पडतो.

आधी आजाराविषयी थोडक्यात. कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे गुडघे एकाच वेळी सुजू लागले, तिथून या आजाराचा शोध सुरू झाला. तो बोरेलिया बर्गडोर्फेरी या जिवाणूमुळे होतो, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट झालं. काळ्या पायांच्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि मे ते जुलै या काळात ती सर्वाधिक चावतात. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांच्या अंगावर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो. सावळ्या कातडीवर तो लालऐवजी जांभळट किंवा काळसर दिसतो आणि नजरेतून सुटतो, हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं. चट्ट्याच्या टप्प्यावर बहुतेक प्रौढांना डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस देतात. लाइम म्हणजे माकडताप नव्हे. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात गोचिडीमुळे होणारा माकडताप विषाणूचा आहे. दोन्हींच्या उपचारांचा एकमेकांशी संबंध नाही.

वेळेत औषध मिळालं तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. ५ ते १० टक्क्यांच्या आसपास रुग्णांना मात्र कोर्स पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा, अंगदुखी आणि विचारात गोंधळ जाणवत राहतो. आमचं पत्र मुख्यतः या रुग्णांसाठी आहे. यांच्याबाबतीत दोन सल्ले घरोघरी दिले जातात आणि दोन्ही नुकसान करतात. एक, 'जरा फिरून ये, अंग मोकळं होईल.' दुसरा, 'पडून राहा, काहीच करू नकोस.' पहिल्याने रुग्ण आपल्या कुवतीच्या पलीकडे ढकलला जातो. दुसऱ्याने स्नायू झडतात, उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळण्याची शरीराची सवय मोडते आणि झोपेचं वेळापत्रक विस्कटतं. हवी ती मधली वाट : आपली मर्यादा मोजायची, काम तिच्या आत ठेवायचं आणि विश्रांती थकल्यावर न घेता थकण्याआधी घ्यायची. याला पेसिंग म्हणतात. एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात ही पद्धत रुळली आणि तिथून लाइमच्या रुग्णांकडे आली. तिने आजार नाहीसा होत नाही. दिवस हाताबाहेर जाणं थांबतं आणि शरीराला सावरायला सवड मिळते.

पेसिंगला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांकडून काही गोष्टी निस्तरून घ्या. प्रत्येक थकवा लाइमचाच असतो असं नाही. त्याच गोचिडीतून बेबेसिया हा परजीवी आणि अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणूही येऊ शकतो. ताप, रात्री घाम आणि रक्तक्षय असेल तर बेबेसियाची तपासणी वेगळी सांगावी लागते, आणि त्याचं औषधही वेगळं आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर या तपासण्या करून घ्याव्यात. शाकाहारी मराठी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास दिसते की ती न तपासता सगळा दोष लाइमवर टाकणं चूक आहे. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, चालू असलेल्या इतर गोळ्यांचा परिणाम, हेही पाहावं. लाइमची अँटिबॉडी तपासणी मात्र पुन:पुन्हा करून काही हाती लागत नाही. बरं झाल्यावरही ती महिने, कधी वर्षं पॉझिटिव्ह येत राहते.

एक धोक्याची सूचना सर्वांत महत्त्वाची. लाइमचा जिवाणू हृदयातल्या विद्युत-मार्गावर परिणाम करू शकतो. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, छातीत धडधड किंवा ठोके फार मंद पडणं, थोड्या श्रमाने दम लागणं, छातीत दुखणं, यांपैकी काही असेल तर ते पेसिंगने सांभाळण्याचं दुखणं नव्हे. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. तोंड एका बाजूला वाकडं होणं, तीव्र डोकेदुखीबरोबर मान ताठरणं, यालाही तोच नियम. ही लक्षणं 'अशक्तपणा असेल' म्हणून अंगावर काढू नयेत.

आता मोजमाप. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त वहीत लिहा. जाडजूड नोंदी नकोत, त्या लिहिण्यानेच माणूस दमतो. दिवसाला एक ओळ पुरते : किती तास झोप झाली, किती पावलं चाललो, एका वेळी सर्वांत जास्त किती मिनिटं उभे होतो, डोक्याचं काम किती, माणसांत किती वेळ गेला, आणि सकाळ-दुपार-रात्र थकव्याला ० ते १० पैकी आकडा. डोक्याचं काम आणि माणसांतला वेळ हे दोन रकाने लोक गाळतात. प्रत्यक्षात विम्याच्या माणसाशी अर्धा तास फोनवर वाद घातल्यावर किंवा मुलाच्या शाळेची मीटिंग झाल्यावर तब्येत बिघडलेली सापडते, आणि पावलं मात्र त्या दिवशी ८०० सुद्धा नसतात.

वही वाचताना त्या दिवसाचा थकवा त्याच दिवसाच्या कामाशी जोडू नका. काही रुग्णांना श्रमाचा फटका उशिरा बसतो, साधारण १२ ते ४८ तासांनी, आणि तो काही दिवस टिकतो. शनिवारी इंडियन स्टोअर, लॉन्ड्री आणि संध्याकाळी जेवायला पाहुणे असं सगळं पार पडतं, 'आज बरं वाटतंय' म्हणून घरचेही खूश होतात. सोमवारी रुग्ण उठू शकत नाही आणि रविवारी काय खाल्लं याचा शोध सुरू होतो. वाईट दिवस दिसला की मागचे तीन दिवस तपासा. असा उशिराचा फटका ज्यांना बसतो आणि ज्यांना बसत नाही, त्यांचे मार्ग वेगळे आहेत. ज्यांना तो बसत नाही, फक्त आजारपणाने ताकद गेली आहे, त्यांनी हळूहळू चालणं आणि ताकदीचे व्यायाम वाढवावेत. त्यांना जास्त जपणं हेच नुकसानीचं. ज्यांना बसतो त्यांच्यावर ठरावीक दराने वाढत जाणारा व्यायाम लादू नये. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये एमई/सीएफएसच्या रुग्णांना असा वाढता व्यायाम देऊ नये असं सांगितलं, ते याच कारणाने. ती सूचना लाइमसाठी नव्हती, पण ज्याचं शरीर श्रमाला तसाच प्रतिसाद देतं त्याच्यासाठी ती ध्यानात घेण्यासारखी आहे.

वहीतून मर्यादा अशी काढायची. समजा, ३५०० पावलांच्या दिवसांनंतर दोन दिवसांनी हमखास कोसळायला झालं आणि २२०० पावलांच्या दिवसांनंतर झालं नाही. तर मर्यादा २२०० धरू नये. तिच्याही तीनचतुर्थांश, म्हणजे १६०० ते १७०० पावलांवर दिवस बसवावा. सलग उभं राहणं २० मिनिटांनंतर जड जात असेल तर एका वेळी १२ ते १५ मिनिटांवर थांबावं. वाचन अर्ध्या तासाने अक्षरं पुसट करत असेल तर २० मिनिटांवर पुस्तक मिटावं. आकडा चांगल्या दिवसावरून ठरवला की पद्धत पहिल्याच आठवड्यात फसते. तो वाईट दिवसालाही झेपेल असा हवा. आणि गजर लावा. 'दमल्यासारखं वाटलं की थांबेन' असं म्हणणारे जवळजवळ सगळे उशिरा थांबतात, कारण ती जाणीव होते तेव्हा मर्यादा मागे पडलेली असते. गजर वाजला की भाजी अर्धी चिरलेली असली तरी सुरी खाली ठेवायची. हातातलं काम पुरं करूनच उठायचं, ही आपल्याकडची शिस्त इथे सोडावी लागते.

विश्रांती म्हणजे काय, यावर घरोघरी गैरसमज आहे. सोफ्यावर बसून फोन चाळणं, मालिका पाहणं, व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देणं याने शरीर बसतं, डोकं काम करत राहतं. आडवं व्हावं, डोळे मिटावेत, खोलीत उजेड कमी असावा, आवाज नसावा. दर वेळी १० ते १५ मिनिटं. दिवसातून दोन-तीन वेळा, घड्याळाच्या ठरलेल्या वेळी, बरं वाटत असलं तरी. झोप लागलीच तर गजराने अर्ध्या तासाच्या आत उठावं, आणि दुपारी तीननंतर झोपू नये, नाहीतर रात्र फुकट जाते. सकाळी उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच ठेवावी.

मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ असेल तर नाडीचा आणखी एक उपयोग होतो. सात दिवस सकाळी उठण्यापूर्वी पडल्यापडल्या नाडी मोजा, सरासरी काढा आणि त्यात १५ मिळवा. सरासरी ६८ असेल तर ८३. काम करताना नाडी याच्या वर जाऊन तिथेच रेंगाळू लागली की बसावं. हा अंदाजाचा आकडा आहे, आणि फार अशक्त माणसाला बिछान्यातून उठतानाही तो ओलांडला जाईल. त्याने घाबरू नये, कोणतं काम नाडी सर्वांत जास्त चढवतं एवढं पाहावं. बहुतेकांच्या वहीत जिना आणि डोकं धुणं ही दोन कामं वर निघतात. नाडी मंद करणारी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर हा हिशेब लागू होत नाही.

उभं राहिल्यावरच त्रास वाढत असेल, म्हणजे रांगेत, ओट्यापाशी किंवा गरम पाण्याच्या आंघोळीत, तर घरी एक साधी चाचणी करता येते. शेजारी कुणीतरी हवंच. १० मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग टाचा भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे ठेवून पाठ भिंतीला टेकवून १० मिनिटं न हलता उभे राहा आणि दर मिनिटाला नोंद करा. नाडी ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, किशोरवयीन मुलांत ४० ने, तर ते आकडे डॉक्टरांना दाखवा. चक्कर येऊ लागली तर चाचणी तिथेच सोडून आडवं व्हा. यावर जास्त पाणी, मीठ, घट्ट मोजे असे उपाय डॉक्टर सांगतात. रक्तदाबाचा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मीठ आपल्या मनाने वाढवू नये. उपवासाबद्दलही इथेच सांगतो. ज्याला उभं राहिल्यावर असा त्रास होतो त्याने निर्जळी तर करूच नये, आणि चतुर्थी-एकादशीचे उपवासही या काळात बाजूला ठेवावेत.

स्वयंपाकघरात पेसिंगची खरी परीक्षा होते. पोळ्या हे आपल्या घरातलं सर्वांत महाग काम आहे. कणीक मळताना खांदे आणि दंड, लाटताना उभं राहणं, भाजताना उष्णता, आणि हे सगळं सलग ४० मिनिटं. तिन्ही भाग वेगळे करा. कणीक फूड प्रोसेसरमध्ये भिजवा किंवा सकाळीच घरातल्या दुसऱ्या कुणी मळून फ्रिजमध्ये ठेवावी. पोळपाट ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर आणा आणि खुर्चीत बसून लाटा. भाजायला दुसरं माणूस घ्या. ते नसेल तर सहा पोळ्यांनंतर गॅस बंद करून १० मिनिटं आडवं व्हा. पाठ टेकायला जागा असलेलं उंच स्टूल ओट्याला लावून ठेवलं तर फोडणीसुद्धा बसून होते. तांदूळ-डाळ एकाच कुकरात, भाजी फ्रोझन किंवा चिरून मिळणारी, आठवड्यातून दोन-तीनदा विकतच्या पोळ्या, यात कमीपणा काही नाही. रोज वापराची भांडी कमरेच्या उंचीवर आणा. वर हात करून डबे काढणं आणि वाकून खालचा कुकर काढणं, दोन्ही विनाकारण नाडी चढवतात.

न्हाणीघरात प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून बसून आंघोळ करावी. पाणी कोमट, कारण कढत पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. डोकं धुण्याच्या दिवशी दुसरं मोठं काम ठेवू नये. नंतर हात वर धरून ड्रायर फिरवण्यापेक्षा टॉवेल गुंडाळून आडवं पडावं. तिकडच्या घरांत झोपायच्या खोल्या वर आणि कपडे धुण्याचं यंत्र तळघरात असतं. दिवसाला जिन्याच्या फेऱ्या ठरवून घ्या, दोन किंवा तीन, आणि वर-खाली न्यायचं सामान एका पिशवीत साठू द्या. कपड्यांची भरलेली टोपली उचलून जिना चढणं रुग्णाकडे ठेवूच नये.

गुडघ्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. लाइमच्या संधिवातात बहुधा एकच गुडघा खूप सुजतो, त्यात पाणी भरतं, आणि त्यावर सहसा २८ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो. गुडघा गरम आणि फुगलेला असेपर्यंत मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, जिन्याच्या फेऱ्या आणि सूर्यनमस्कार बंद. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू फार लवकर विरतो, म्हणून तो जागता ठेवण्यासाठी पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली छोटा टॉवेल घ्या, गुडघा त्यावर दाबा, ५ सेकंद धरा, सोडा. १० वेळा, दिवसातून दोनदा. याने सांधा वाकत नाही आणि नाडीही फारशी चढत नाही. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर संख्या निम्मी करा. उशी मुडपून गुडघ्याखाली दिवसभर ठेवू नका, बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच आखडतो.

औषध चालू असलेल्यांसाठी थोडं. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. म्हणजे विश्रांतीच्या वेळा गोळीनंतर लगेच ठेवू नयेत. लोह, कॅल्शियम, अँटासिड आणि दूध यांपासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कारण त्यांच्याबरोबर औषध नीट शोषलं जात नाही. या गोळीने ऊनही बाधतं, तेव्हा चालणं सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

डोक्याच्या कामालाही हाच नियम. २० मिनिटं काम, ५ मिनिटं डोळे मिटून. अवघड काम आपल्या चांगल्या वेळी. ती वेळ वहीत दिसते, बहुधा सकाळी दहाच्या आसपास. ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद ठेवण्याची परवानगी मागावी, कारण स्वतःचा चेहरा सावरत ऐकणं दुप्पट थकवतं. दोन मीटिंगांत १५ मिनिटांची फट हवी. डोकं जड असताना गाडी चालवू नये. नोकरी अमेरिकेत असेल तर १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्टखाली वर्षाला १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. कंपनीत ५० किंवा अधिक कर्मचारी, तिथे निदान एक वर्ष नोकरी आणि मागच्या वर्षात १२५० तास काम, या मुख्य अटी. ही रजा सलगच घ्यावी लागते असं नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर आठवड्यातून एक दिवस किंवा रोजचे दोन तास अशीही घेता येते, आणि पेसिंगसाठी तीच जास्त उपयोगी. बारा आठवडे एकदम घरी पडून राहून सोमवारी पूर्ण वेळ रुजू होणाऱ्यांचं दुसऱ्याच आठवड्यात फिसकटतं.

सण आणि पाहुणे टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. त्यांची आखणी करता येते. मंडळाच्या गणपतीला सकाळी स्थापनेपासून रात्रीच्या कार्यक्रमापर्यंत थांबण्याऐवजी फक्त आरतीला जावं, खुर्ची घ्यावी, तासाभरात निघावं. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस रिकामे ठेवावेत. नंतरचे दोन दिवस लोक विसरतात. एकच जबाबदारी घ्यावी. मोदक करायचे तर सजावट दुसऱ्याची. भारतात येताना विमानतळावर व्हीलचेअर आधीच नोंदवावी, त्यात संकोच नको. सामान, रांगा आणि इमिग्रेशन यांतच निम्मं बळ जातं. पोचल्यावर पहिले तीन-चार दिवस कुणाकडे जाणं नाही, नंतर दिवसाला एकच भेट. इकडच्या मावश्या-आत्यांना आमची विनंती आहे की ती भेट तासाभराची राहू द्या आणि जेवणाचा आग्रह धरू नका. 'दिसायला तर छान दिसतेस' हे वाक्यही टाळा. रुग्ण तुमच्यासमोर छान दिसण्यासाठी दोन दिवस साठवून आलेला असतो.

मर्यादा वाढवायची केव्हा? दोन आठवडे सलग कोसळल्याशिवाय गेले तरच. आणि एका वेळी एकच गोष्ट, सुमारे १० टक्क्यांनी : १६०० ची पावलं १७५०, किंवा उभं राहणं १२ मिनिटांचं १३. पावलंही वाढवली आणि कामाचे तासही वाढवले तर बिघाड कशाने झाला ते कळत नाही. मग एक आठवडा थांबून वही पाहायची. काहींचे आकडे काही महिन्यांत दुप्पट होतात, काहींचे बराच काळ तिथेच राहतात. जो तिथेच राहिला त्याने प्रयत्न कमी केला असा अर्थ कुणी काढू नये.

कोसळायला होणार, कितीही जपलं तरी. सर्दी, पाळी, प्रवास, घरातलं भांडण, काहीही पुरतं. त्या दिवसासाठीचा कागद आधीच फ्रिजवर लावून ठेवा, कारण तेव्हा डोकं चालत नाही. त्यावर एवढंच : दोन-तीन दिवस सगळं निम्मं, उठून जेवणं, तोंड धुणं, अंथरुणात तासाला १० वेळा पावलं वर-खाली करणं चालू, पाणी उशाशी, घरातलं कोण काय करणार त्यांची नावं. चौथ्या दिवसापासून हळूहळू जुन्या मर्यादेकडे. आठवड्यात काहीच फरक नाही, किंवा ताप, नवी सूज, नवा बधिरपणा दिसला तर डॉक्टरांना फोन. प्रत्येक घसरण लाइम परत आल्याने होत नाही, पण नवी गोचीड चावून पुन्हा लागण होऊ शकते, तेव्हा नवा चट्टा आहे का ते अंगभर पाहावं.

हताश झालेली माणसं पैसे कुठे घालतात ते आम्ही पाहतो, म्हणून हेही लिहितो. महिनोन्महिने शिरेतून अँटिबायोटिक देऊन हा थकवा बरा करतो असं सांगणारे तिकडे भेटतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ३० दिवस शिरेतून आणि पुढे ६० दिवस तोंडाने औषध देऊनही, औषध नसलेल्या खोट्या उपचारापेक्षा फरक पडला नाही. २०१६ मधल्या नेदरलँड्सच्या चाचणीत जादा १२ आठवड्यांच्या अँटिबायोटिकनेही तेच दिसलं. शिरेत महिनोन्महिने नळी ठेवल्याने रक्तात जंतुसंसर्ग आणि गुठळ्या होण्याचा धोका मात्र खरा आहे. तोच पैसा स्वयंपाकाला आठवड्यातून तीन दिवस मदतनीस ठेवण्यावर, बसण्याच्या स्टुलावर आणि एका चांगल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टवर खर्च करावा.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही वाचून दाखवू नका, दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत ते होत नाही. एका कागदावर तीन ओळी लिहून न्या : एका वेळी किती मिनिटं उभं राहता येतं, किती श्रमानंतर किती तासांनी कोसळायला होतं आणि ते किती दिवस टिकतं, आणि आजारापूर्वी करत होतो पण आता बंद पडलेली तीन कामं. बरोबर घरातलं कुणीतरी न्या, कारण रुग्ण त्या खोलीत उसनं अवसान आणून बसतो आणि 'तसं ठीक आहे' म्हणून बाहेर पडतो.

आपले,
न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनियात पुनर्वसनाचं काम करणारे काही मराठी थेरपिस्ट